तळातली पट्टी

बाबांचं रक्त उणे ऐंशीच्या कपाटात आहे.
रक्त म्हणजे वरची पिवळसर निवळी,
बोटाच्या पेराएवढ्या नळीत गोठलेली.
झाकणावर नाव नाही, नुसता आकडा: बावीसशे चौदा.
आकड्यामागचं नाव शोधू नये असा नियम आहे.
नव्या पोरींना तो मीच शिकवते.

पण सुई मीच टोचली होती,
अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये,
शाळेच्या व्यायामगृहात, दोऱ्यांच्या शिडीखाली.
हात कापत होता.
ते म्हणाले, "राइली, ओंडकासुद्धा तुझ्यापेक्षा लवकर वाहतो."

पिएलिसयोकी नदीवर त्यांनी तीस उन्हाळे ओंडके हाकले,
लांब काठीने, गुरं हाकावीत तसे.
मोठ्याची त्यांना भीती नव्हती.
तो अडला तर दिसतो, म्हणायचे,
आणि दिसला की ढकलता येतो.
ढलपीचं तसं नाही.
ती कपारीत शिरते, फुगते, कुजते,
मग एक दिवस नदी कशापायी थांबली
ते कुणालाच सांगता येत नाही.

गावात नर्स आली, लोण्यावर बोलली.
बाबांनी लोणी सोडलं.
महिनाभर घरात सुतक.
साखरेचा खडा दातात धरून कॉफी तेवढी उरली,
दिवसाला नऊ कप,
आणि पोट.
कोलेस्टेरॉल उतरलं: पाच पूर्णांक एक.
तो कागद त्यांनी फ्रिजवर लावला,
नातवाचं चित्र लावावं तसा.

नोव्हेंबरात सॉनासाठी लाकडं फोडताना
कुऱ्हाड ठोकळ्यात रुतून राहिली
आणि ते शेजारी.
आई अजून म्हणते, "आकडा तर चांगला होता."

परवा यादी आली. जुने नमुने, नवी तपासणी.
बावीसशे चौदा सातव्या ओळीत.
मी काही बोलले नाही.
जेल ओतली, वर विरळ, खाली खाली दाट होत जाणारी.
रात्रभर वीज सोडली.
मोठे कण वरच अडतात,
बारके भोकाभोकातून निसटत तळ गाठतात.
सकाळी रंग दिला.

बाबांची पट्टी तळाशी होती.
अरुंद, घट्ट, काळीभोर.

म्हणजे हे होतं तर.
फ्रिजवरच्या कागदाने माल मोजला होता,
होड्या मोजल्याच नव्हत्या.
तोच माल चार पडावांतून जातो
नाहीतर चाळीस डोंग्यांतून.
आणि डोंगी यकृताच्या हाती लवकर लागत नाही,
दिवस दिवस प्रवाहात हिंडते,
काठाला घासते,
कपार शोधते.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?
चोर सापडला की मन कसं हलकं होतं.

मग शेजारची रांग पाहिली. बावीसशे एकतीस.
मोठे, ऐसपैस कण, पट्टी वरच्या वर,
पण जाड,
शाईची दौत लवंडावी तशी.
तिच्याही रकान्यात तारीख होती. वय अठ्ठावन्न.
डॉक्टर पुस्टिनेननी चष्मा कपाळावर सारला:
"आकार बघा, पण आधी डोकी मोजा.
बारक्यांची टोळी मोठी असते, म्हणून ते बदनाम.
मोठे काही साधू नव्हेत."

तेव्हा आठवला एक जून.
मी सात वर्षांची, पुलाच्या कठड्याला लोंबकळत होते.
वरून ओंडके येतच राहिले, सगळे मोठे,
आणि बाबा काठी धरून नुसते उभे.
एकूण एक दिसत होता.
ढकलता एकही येत नव्हता.

संध्याकाळी आईला फोन केला.
सांगता येत नाही, नियम आहे.
तळ्याचं विचारलं.
म्हणाली, "बर्फ धरून आहे गं अजून,
मधोमध मात्र काळं दिसायला लागलंय."

नळी परत कपाटात ठेवली.
वहीत वापर लिहिला, तारीख लिहिली.
शिल्लक: चाळीस मायक्रोलिटर.